न आरवणारा कोंबडा

‘शब्दकोशात कोंबड्याचा एकच अर्थ द्यायचा आहे. पक्षी की फुलझाड?’ संपादकांच्या या पत्राला निवृत्त मास्तरांनी उत्तरच दिलं नव्हतं. चुकलो तर लोक हसतील, ही धास्ती. वॉर्ड ऑफिसच्या रांगेत पुढच्या बाईंचं आणि कारकुनाचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं.

“बाई, तुम्ही गच्चीत कोंबडा पाळल्याची तक्रार आहे.”

“पाळला नाही हो साहेब, कुंडीत उगवलाय.”

“कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, बाई. आरवतो का?”

“छे, ब्रसुद्धा काढत नाही.”

“आजारी असेल. दाणे घालता ना?”

“उलट तोच देतो. काळे, बारीक.”

“देतो म्हणजे अंडी? मग कोंबडी असेल. तुरा आहे?”

“लालभडक!”

“मग कोंबडाच. माणूस पिंजरा घेऊन येईल.”

“अहो, झाड आहे ते! सासूबाई गेल्या, त्यांच्या कुंड्यांत तेवढंच जगलंय.”

“झाडालाही कोंबडा म्हणतात, असं पुस्तकात छापलेलं दाखवा. महिन्याची मुदत देतो.”

मास्तर रांगेतून बाहेर पडले. टपालपेटीपाशी उभ्याउभ्याच त्यांनी कार्ड लिहिलं, ‘दोन्ही अर्थ द्या, आणि लवकर छापा. एक आरवतो, दुसऱ्याला नोटीस येते.’ पुन्हा वाचून न बघता त्यांनी ते पेटीत टाकलं.