लूम बंद केले तेव्हा

बुधवार होता. कोरडं ऊन, वारा अजिबात नाही. माझ्या भाचीची, रोहिणीची, पीएचडीच्या जागेसाठी ऑनलाइन मुलाखत होती. लिंबायतमधल्या आमच्या घराला लागूनच लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना आहे. मी विनंती केली म्हणून शेठने तेवढ्यापुरते लूम बंद ठेवले.

तिचा विषय अंतराळातल्या दुर्बिणींचा. दोन-चार दुर्बिणींचा अवरक्त प्रकाश असा एकत्र करायचा की ताऱ्याची चमक पुसली जाईल, आणि मग उरलेल्या वर्णपटात ग्रहावरचे वायू शोधायचे.

मुलाखत घेणाऱ्या सरांनी विचारलं, "दुर्बिणीच्या यंत्रातल्या गोंगाटाची एवढी भीती का?"

ती तोंड उघडणार तोच गल्ली दारात जमा झाली. आमच्याकडे भरदिवसा लूम थांबतात ते कोणी गेलं तरच.

"काय जयं? आप्पा गयात का वं?" शेजारच्या शांतामावशींनी रडवेल्या आवाजात विचारलं.

"मी आठेच शे," आप्पा, म्हणजे माझे वडील, खाटेवरून म्हणाले.

मग सगळेच एकदम बोलू लागले. रोहिणी म्हणाली, "मामा, लूम चालू करायला सांगा."

लूम सुरू झाले आणि गल्ली पांगली.

"सर, हा आवाज एकसारखा आहे, तो वजा करता येतो," ती म्हणाली. "मघाचा गलका कधी वाढेल याचा नेम नव्हता. यंत्र तसं थरथरलं की ताऱ्याचा प्रकाश कमीजास्त झिरपतो आणि वर्णपटात नसलेल्या वायूची खूण दिसते."

"आणि आप्पा बरे आहेत ना?"

"हो सर. तीही खोटीच खूण होती."

शनिवारी यादी लागली. जागा दोन होत्या. रोहिणीचं नाव दुसरं आहे.