घासून लख्ख

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात, बगलेत कीबोर्ड धरून उभ्या असलेल्या शाळेच्या बाई तिसऱ्यांदा घड्याळाकडे बघत होत्या. घंटा व्हायला दहा मिनिटं उरली होती आणि पुढच्या म्हाताऱ्याचं काही केल्या आटपेना.

"काका, तुमच्यासमोर तीन डिस्क लावून बघितल्या. तिन्ही चालल्या. सीडी ड्राइव्ह ठणठणीत आहे," दुरुस्तीवाली म्हणाली.

"घरी माझी डिस्क लावली की नुसता घुरघुरतो, ताई. बदलून टाका."

"गेल्या महिन्यातच नवा बसवला ना?"

"तोही तसलाच निघाला."

"मग ती डिस्कच आणा की एकदा. तिलाच काहीतरी झालं असेल."

"तिला काय होणार? आमच्या हिचा आवाज आहे त्यात. पत्त्यांत लबाडी केली म्हणून माझ्यावर ओरडतेय. एकच आहे हो, वाटेत पडली-बिडली तर?"

"ओरखडे पडलेत का?"

"छे! आरशासारखी ठेवलीय. रोज घासतो."

"घासता? कशानं?"

"टूथपेस्टनं. मागे एकदा अडकली होती, तेव्हा पेस्ट लावून पुसली आणि लागली की बोलायला!"

"आणि तेव्हापासून रोज?"

"रोज. हल्ली वाचतच नाही म्हटल्यावर जरा जोर लावून."

दुरुस्तीवालीनं हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. बाई घड्याळाकडे बघायच्या थांबल्या.

"सांगा ना, ताई. ड्राइव्हच बिघडलाय ना?"

"हो, काका. बदलते. पण तोवर त्या डिस्कला हात लावू नका."

"आजची घासून झालीय," म्हातारा म्हणाला. "आता उद्याच."