तांदळासाठी दिलेले पत्ते

सांगा बरं, विश्वास कुणावर ठेवावा, गोड बोलणाऱ्यावर की चूक कबूल करणाऱ्यावर?

पासली गावचा आंबेमोहर तांदूळ मी भोरच्या दुकानातून पुण्याला धाडतो. नवा माल आला की ईमेलच्या यादीत नाव घातलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांना एकदम ईमेल जातो. हे मी माझं मीच शिकलो.

एकदा एक प्लॉटवाला आला. "शेठ, तुमच्या गिऱ्हाइकांची ईमेलची यादी द्या. वेल्ह्यात प्लॉट काढलेत."

"न्हाई जमायचं. पत्ते त्यांनी तांदळासाठी दिलेत."

त्यानं हसत मोबाईल पुढं केला. "राहू द्या. मीपण यादीत नाव घातलं, तर सगळ्यांचे पत्ते दिसले. उतरवून घेतले."

खरंच होतं. उधारीची वही गल्ल्यावर उघडी टाकावी, तशी यादी मीच सगळ्यांना उघडी ठेवली होती. लगेच ती दुसऱ्यांना दिसायची बंद केली, पण पत्ते गेले ते गेलेच. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. बायको म्हणाली, "लिहाल तर गिऱ्हाइकं तुटतील." तरी सगळ्यांना लिहिलं, "चूक माझी. तुमचे पत्ते एका प्लॉटवाल्यानं माझ्याकडून उचललेत. नाव काढायचं असेल तर कळवा."

दोघांनी काढलं.

आठवड्यानं प्लॉटवाला तणतणत आला. "शेठ, लोकांना काय सांगितलंत? भाव कुणी विचारत न्हाई. जो तो म्हणतो, माझा पत्ता कुठनं आणला?"

"मग सांगा की खरं."

एरवी शिमग्यापर्यंत पुरणारा तांदूळ त्या वर्षी संक्रांतीआधीच विकून संपला.

तुमीपण दुकानदार, लोकांचे पत्ते घेताच की. कुणी पत्ता कशासाठी दिला, तेवढा हिशेब इमानानं ठेवा.