मादाम प्रभाची चटणी

— अहो थांबा, थांबा, चार-चार कोट हातात घेऊन कुठे निघालात? बाहेर उणे बावीस आहे. बायको आत हळदीकुंकवाला बसलीये ना? मग अर्धा तास तरी तुमची सुटका नाही. ठेवा ते कोट या खुर्चीवर आणि हे चाखा. — मुलं? मुलं तिळगूळ खातायत, त्यांना काही होत नाही. घ्या, भाकरीचा तुकडा आहे, सकाळी केलीये. ओळखा काय लावलंय. शेंगदाण्याची चटणी? बरोबर — पण आपली नाही! हैतीची. हैती, तिकडे कॅरिबियनमध्ये. चाळीस बायका शेंगदाणे भाजतात, मिरची घालतात आणि लोण्यासारखं मऊ वाटतात. मांबा म्हणतात त्याला. — पाणी? पाणी तिकडे, वॉशरूमच्या शेजारी. सावकाश. ती मिरची म्हणजे आपल्या लवंगीची थोरली जाऊ आहे.

आलात? बसा. आता तुम्ही म्हणाल, प्रभाताई, तुमचा हैतीशी काय संबंध? — तुम्हाला खोकल्यामुळे विचारता येत नाहीये, म्हणून मीच विचारते. मी बावीस वर्षं इथे मॉन्ट्रियलला सीनियर्स होममध्ये नोकरी केली, तिथे माझ्या शिफ्टला मिरलांद होती. हैतीची. म्हाताऱ्यांना पलंगावरून उचलायचं तर एका बाजूने ती, एका बाजूने मी — आमची मैत्री पाठदुखीतून झाली म्हणा ना! तर या चाळीस जणींचा गट तिच्या बहिणीचा. आधी कच्चे शेंगदाणे व्यापाऱ्याला पडेल भावात द्यायच्या. मग इथल्या हैतीच्या लोकांनी — टॅक्सी चालवणारे, नर्स, मिरलांदच्या चर्चमधले — सगळ्यांनी मिळून त्यांना चक्की घेऊन दिली, इथल्या त्यांच्या दुकानांत बरण्या ठेवायला जागा मिळवून दिली. आणि स्वच्छ सांगितलं, बायांनो, आता तुमचं तुम्ही चालवा, आम्ही गिऱ्हाईक शोधू, पण दर महिन्याला देणगी पाठवणार नाही. दोन वर्षं चांगलं चाललं होतं. अगदी छान. — मग काय झालं? मग मी आले.

म्हणजे मी चाखली, आणि म्हटलं, लसूण नाही? जिरं नाही? अहो, मी बार्शीची! शेंगदाण्याच्या चटणीतलं मला कुणी शिकवायचं? मिरलांद म्हणाली, प्रभा, राहू दे, आमच्या लोकांना अशीच आवडते. पण मी ऐकते का! आमचे हे म्हणतातच, तुला लष्कराच्या भाकऱ्या भाजायची भारी हौस. व्हिडिओ कॉल लावला थेट. तिकडे चाळीस जणी, इकडे मी खलबत्ता घेऊन. आणि सांगून टाकलं — लसूण घाला, जिरं घाला, आमचं मराठी मंडळ सगळ्या बरण्या घेईल, संक्रांतीला वाण म्हणून लुटू. — मंडळाला विचारलं होतं का? तुम्हीपण ना, अगदी आमच्या ह्यांच्यासारखे आहात. विचारणारच होते! तर त्या बिचाऱ्यांनी महिनाभर नेहमीचा माल बंद ठेवला आणि सहाशे बरण्या केल्या माझ्या कृतीने. — लेबलवरची 'मादाम प्रभा'? नथ घातलेली? मीच ती. छे हो, मी कशाला सांगेन फोटो लावा म्हणून? सुचवलं होतं. त्यांनी मागितला म्हणून पाठवला. म्हणजे — आधी पाठवला, मग त्यांनी मागितला. तीन पाठवले होते, त्यातला त्यांनी हा निवडला.

आणि इथे घोडं अडलं. आपला अध्यक्ष देवेश म्हणतो, काकू, वाणाचे प्लॅस्टिकचे डबे ऑलरेडी ऑर्डर केलेत, हवं तर कोट ठेवतात तिथे टेबल टाका. आणि आपल्या बायका! एक म्हणते, चटणी कशी कोरडी पाहिजे. दुसरी म्हणते, आईच्या हातची चव नाही. अगं, तुझी आई सांगलीला, चटणी हैतीची, चव येणार कुठून? आणि त्यांच्या दुकानांत ठेवल्या, तर हैतीची माणसं विचारतात, यात जिरं कुणी घातलं आणि ही बाई कोण? सकाळपासून अकरा खपल्या, त्यातल्या चार मीच घेतल्या. हा माल हलला नाही ना, तर पुढचा माल त्या कशाच्या जोरावर करणार? शेंगदाणे परत त्या व्यापाऱ्याच्या दारात. संध्याकाळी मिरलांद उरलेल्या बरण्या न्यायला येतेय. दोन महिने कामापुरतं बोलते माझ्याशी. शेवटचं काय म्हणाली सांगू? म्हणाली, प्रभा, तुला चटणी विकायची नव्हती, तुला चाळीस तोंडांतून मेर्सी, थँक्यू, ऐकायचं होतं. — असा राग आला मला! घरी येऊन रडले. खरं होतं म्हणून जास्त रडले. हे तुम्हाला का सांगतेय मी, कोण जाणे.

— हे काय, वीस डॉलर? वा! दोन बरण्या येतील, थांबा, पिशवी देते — नको? बरणी नको? 'गरिबांसाठी असू द्या'? अहो, कुठले गरीब? चाळीस बायकांनी भाजलंय, सोललंय, दळलंय, झाकणं घट्ट लावून समुद्रापलीकडे पाठवलंय. दुकानदार आहेत त्या! तिखट लागली तर शिव्या घाला, पुन्हा घेऊ नका, सगळ्या मंडळाला सांगत सुटा — पण माल घ्या आणि दाम द्या. मला मेर्सी हवं होतं, तुम्हाला पुण्य हवंय, एकाच माळेचे मणी आहोत आपण. नाही म्हणजे नाही, ठेवा ती नोट खिशात. उचला कोट. आणि मागच्यांना पुढे येऊ द्या. — मागे कोणी नाहीये? नसू दे. सरका.