नळ सोडून दिलेली मुलाखत

मी वर्गात तोंड उघडत नाही हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून हे ऐकाच. सोशल स्टडीजचं होमवर्क होतं: दुसऱ्या देशातल्या लोकांना त्यांच्या नेत्यांबद्दल आणि विरोधकांबद्दल विचारा, रेकॉर्ड करा, वर्गात ऐकवा. दोन्ही बाजू नसतील तर अर्धे मार्क. मी टेपरेकॉर्डर घेऊन आमच्या खालच्या अपार्टमेंटमधल्या रशियन आजी-आजोबांकडे गेले.

आजी चहा ओतत म्हणाल्या, "कम्युनिस्ट गेल्यावर जो आला, त्याच्या काळात माझ्या बहिणीला पेन्शन वेळेवर मिळायचं नाही. आताचा बरा. दारू पीत नाही, व्यायाम करतो."

"आणि विरोधक?" मी आजोबांना विचारलं.

ते मला स्वयंपाकघरात घेऊन गेले आणि त्यांनी सिंकचा नळ पूर्ण सोडला. मग माझ्या कानाशी म्हणाले, "आताचा कुणाला बोलू देत नाही. विरोधक माणसं चांगली आहेत, पण तिघं जमली की चार पक्ष काढतात."

"आजोबा, इथे अमेरिकेत, सनीव्हेलमध्ये कोण ऐकतंय? नळ बंद करू?"

"नको. तिकडे घरातसुद्धा कुणीतरी ऐकत असायचं. आता पाणी वाहत नसलं की मला खरं बोलताच येत नाही."

वर्गात टेप लावली. आजी अगदी स्पष्ट ऐकू आल्या. पुढे दोन मिनिटं नुसतं धो धो पाणी. म्हटलं, गेले अर्धे मार्क.

"हे काय आहे?" टीचरनी विचारलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी हळूच म्हणाले, "विरोधी पक्ष."