हजगुडे काकू जिमला परत का आल्या नाहीत?

मंडळी, ऐका! आज आधी प्रश्न, मग कथा. तुमच्या दारात एक माणूस आला. पहिल्यांदाच आला. बिचकत आला, चप्पल कुठं काढू म्हणत आला. चार दिवस आला — आणि नाहीसा झाला! आता सांगा, दोष कुणाचा? येणाऱ्याचा? का दारात उभं राहून 'या' म्हणणाऱ्याचा?

बरं! उत्तर मला देऊ नका. कथा ऐका.

बार्शीत एक जिम होती. आजोबा, भुवया उडवू नका! तुमच्या वेळी तालीम होती, लाल माती होती, मान्य! पण ही आत्ताची गोष्ट. चारी भिंतींना आरसे — देवळात माणूस देवाचं तोंड बघतो, इथं ज्याचं तो बघतो! आणि गाणं एवढं मोठ्यानं, की शेजारच्या किराणा दुकानातल्या बरण्या थरथरायच्या. तिथं शिकवायला शिवतेज बागल नावाचा तरुण. दंड कसे? इथं साथीला बसलेल्या आमच्या बुवांच्या पखवाजाएवढे! कष्टाळू पोरगा, एक वाईट सवय नाही. पण त्याच्याकडं नवीन माणूस टिकायचा नाही. माणसं हौसेनं यायची, नवे बूट घालून यायची, आणि महिना भरायच्या आत गायब! शिवतेज म्हणायचा, "लोकच आळशी. जिद्द नाही हो कुणात!"

किती सोपं आहे बघा! माणूस गेला, की त्यालाच नाव ठेवायचं आणि आपण मोकळं व्हायचं.

एके सकाळी तिथं एक बाई आल्या. शकुंतला हजगुडे. पन्नाशीच्या, अंगानं भरलेल्या, बालवाडीत मदतनीस. साडीवरच आलेल्या, पदर खोचलेला. म्हणाल्या, "सर, जरा बोलायचं होतं. मला ना—"

"कळलं काकू, कळलं! बारीक व्हायचंय! चढा काट्यावर!"

"नाही सर, तसं नाही. मला—"

"लाजताय काय? चढा!"

चढल्या. आणि शिवतेजनं सगळ्या जिमला ऐकू जाईल असा आवाज काढला — "काकू, काटा म्हणतोय, एकेकानं चढा!"

हसलात! अहो, त्या कोपऱ्यात तर फारच हसू आलं. तिथलेही असेच हसले. आणि मंडळी, काकूपण हसल्या. चारचौघांत स्वतःवर हसणारं माणूस कधी नीट बघितलंय? तोंड हसत असतं. हात मात्र पदर ओढून अंग झाकत असतो.

आता हसू थांबलं. ठीक आहे. पुढं ऐका.

मग शिवतेजनं त्यांना उठाबशा काढायला लावल्या. पहिल्याच दिवशी! दम घेऊ देईना. "अजून काकू! अजून!" त्याला वाटलं, आपण जोश भरतोय. दुसऱ्या दिवशी काकू जिना चढल्या त्या कठडा धरून. पण आल्या! आणखी एक-दोन दिवस आल्या. मग नाही आल्या.

जिमचा मालक शिवतेजला म्हणाला, "अरे, तू शिकवतोस का पळवून लावतोस? जा, एकाला तरी परत आणून दाखव." त्यानं गेलेल्यांना फोन केले, कुणी उचलेना. काकूंचं घर भगवंताच्या देवळामागच्या गल्लीत, एवढं त्याला ठाऊक होतं. गेला विचारत विचारत.

दार उघडंच होतं. आत कॉटवर काकूंचे यजमान, प्रल्हाद हजगुडे. पूर्वी टेम्पो चालवायचे. अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. काकू त्यांच्या काखेत हात घालून त्यांना खुर्चीत बसवायला बघत होत्या. उचललं — अर्ध्यापर्यंत आणलं — आणि दोघंही मागं कॉटवर कोसळले!

शिवतेज धावला. काकांना अलगद उचलून खुर्चीत बसवलं.

"कोण तुम्ही?" काकांनी विचारलं. जीभ जड, शब्द ओढत येत होते.

"मी... जिमचा. बागल."

काकांचा चेहरा उजळला! "तुम्हीच का ते सर! ही फार कौतुक करते तुमचं. म्हणते, सर फार मायेनं शिकवतात."

मायेनं! शिवतेजच्या कानशिलांत आग झाली.

काका बोलतच होते. "मला उचलायला बळ पाहिजे, म्हणून येत होती ती. अन् माझ्यापायीच सुटलं बघा. म्हणाली, तुमच्याजवळ थांबायला कोणी नाही, म्हणून बंद केलं. ओझं झालोय हो मी तिला."

शिवतेजनं काकूंकडं बघितलं. काकू चहा टाकत होत्या. त्यांनी वळून नुसती मान हलवली — नको. बोलू नका.

मायबाप, तुम्ही काय केलं असतं? चहा प्यायचा, 'येतो' म्हणायचं, निघायचं! काकूंनी सगळं झाकलंच होतं की! ज्यानं त्यांची लाज काढली, त्याचीच लाज त्यांनी नवऱ्यापुढं राखली होती. आणि तिकडं तो बिचारा नवरा नसलेलं पाप आपल्या माथी घेऊन पडला होता!

चहा आला. कप ओठांपर्यंत जाईना. शिवतेजनं तो खाली ठेवला. "काका, तुमच्यामुळं नाही सुटलं. माझ्यामुळं सुटलं. मी काकूंना सगळ्यांपुढं हसलो. त्या काहीतरी सांगत होत्या, मी ऐकूनसुद्धा घेतलं नाही."

काकू कडाडल्या! "कशाला सांगितलंत? माझं मी गिळलं होतं ना? आता हे रोज तेच उगाळत बसतील!"

शिवतेजला वाटलं होतं, कबूल केलं की हलकं वाटेल. नाही वाटलं! काका रडायला लागले. डाव्या हातानं बायकोचा हात चाचपत राहिले. "शकू, लोक हसले तुला? माझ्यासाठी गेलीस, अन् लोक हसले?"

"चला काकू परत," शिवतेज म्हणाला. "सगळ्यांपुढं माफी मागतो."

"तिथं मी पाऊल ठेवणार नाही."

"मग मी येऊ इथं?"

काकूंनी पदरानं काकांचे डोळे पुसले. मग म्हणाल्या, "यांना उठवायचं कसं, तेवढं शिकवा. बाकी मला काही नको."

दुपारी जिम बंद असली की तो जायचा. पाय किती फाकवायचे, पाठ कशी ताठ ठेवायची, जोर कमरेत न देता मांड्यांत कसा द्यायचा — आधी उशी उचलून, मग गव्हाची पिशवी उचलून. घाई नाही. आरडाओरडा नाही. आणि एका दुपारी काकूंनी यजमानांना एकटीनं उठवून खुर्चीत बसवलं! खुर्ची ओढत दारापर्यंत नेली. कित्येक महिन्यांनी काकांनी आपली गल्ली बघितली. जाणारा-येणारा थांबून राम राम घालू लागला. काकू हसल्या — पण काकांकडं बघून. शिवतेजकडं नाही. 'माफ केलं' असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. त्यानंही विचारलं नाही.

आता नवीन माणूस आला, की तो आधी गाणं बंद करतो. बसायला स्टूल देतो. विचारतो, "तुम्हाला काय करता यायला पाहिजे असं वाटतं?" — आणि गप्प बसतो! पहिल्या दिवशी एवढंच करून घेतो, की माणसाला उद्या यावंसं वाटावं. माणसं टिकायला लागली. मालकानं पाठ थोपटली. शिवतेजनं मान खाली घातली. अहो, टिकलेले डोळ्यांपुढं असतात. पण आधी निघून गेलेले? त्यातलं कुणी बाजारात दिसलं, की आजही तो पलीकडच्या बाजूला होतो. तोंड दाखववत नाही.

झाली शिवतेजची कथा. आता आपली!

गेल्या हरिनाम सप्ताहात, इथंच, या खांबापाशी, आपल्यातला एक जण पहिल्यांदा टाळ घेऊन उभा राहिला. ठेका चुकला. पुढच्या ओळीतून कुणीतरी म्हणालं, "अरे, याला मागं पाठवा, मृदंगाला घाम फुटला!" अख्खा मंडप हसला. आज तो दिसतोय का कुठं? बघा, वळून बघा!

नाही ना?

माना खाली गेल्या. जाऊ द्या, जायलाच पाहिजेत! पण त्याचं घर तुम्हाला माहीत आहे. आरती झाली, की प्रसादाच्या रांगेत उभे राहू नका. आधी त्याच्या दारात जा. समजूत घालू नका, माझं कीर्तन त्याला ऐकवू नका. नुसतं विचारा — "कशासाठी आला होतास रे बाबा?" आणि तो बोलायला लागला, की मायबाप, मध्ये तोंड उघडू नका.