फोनचा खालचा थर

किती रॅम लागते ते मले नका विचारू, आमच्या बाबांनी फोन कसा घेतला ते ऐका. बाबा कळमन्याच्या फळबाजारात संत्र्याचे व्यापारी. आईच्या जुन्या फोनची तऱ्हा अशी, की रेसिपीचा व्हिडिओ थांबवून ती मावशीशी फोनवर दोन शब्द बोलली, की व्हिडिओ परत पहिल्यापासून. फोडणीपर्यंत पोचेस्तोवर इकडे तेल जळायचं.

शेवटी नवा फोन घ्यायला गेलो. दुकानदार म्हणाला, "काकाजी, आठ जीबी रॅम आहे. एकदम मक्खन चालते."

बाबा म्हणाले, "पेटीत वरचा थर सगळेच चांगला लावतात गा. मले खालचा पाहू दे."

त्यांनी व्हिडिओ लावून बरोबर फोडणीवर थांबवला. त्यावर नकाशा, कॅमेरा, क्रिकेट, पंचांग, अशी एकावर एक वीस ॲप उघडली आणि परत व्हिडिओवर आले. तो कांदा चिरण्यापासून सुरू. "खालचा सडला," म्हणून फोन बाजूला. असे तीन फोन गेले. चौथ्यात, बारा जीबीवाल्यात, फोडणी जिथल्या तिथे सापडली.

घरी हे ऐकून आई म्हणाली, "फोनले तीन तास पाहिलं. मले पाहाले आले तेव्हा त पोहे संपायच्या आधीच हो म्हटलं तुम्ही. काहून?"

बाबा नव्या फोनचं खोकं उघडत होते. मान वर न करता म्हणाले, "चांगल्या संत्र्याची पेटी उघडा नाही लागत वं. दुरूनच वास येते."